दुपारी दोनची पहाट

त्यांना सगळे छत्रीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत एका तरुण प्राध्यापकाने एकदाच केली होती. बाईंनी त्याला भर व्हरांड्यात असं काही धुतलं, की तो बिचारा पुढचे दोन महिने मागच्या जिन्याने ये-जा करत होता.

नाव पडलं ते त्यांच्या शेवाळावरून. महाविद्यालयाच्या तळमजल्यावर, वनस्पतिशास्त्र विभागाच्या अगदी टोकाला, एक बिनखिडकीची खोली आहे. पूर्वी तिथे फोटो धुवायचे, भिंतींचा काळा रंग तेव्हापासूनचा. आता तिथे तिन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर काचेच्या बाटल्या, बाटल्यांत गाळून उकळलेलं खारं पाणी, आणि पाण्यात शिंपल्याच्या तुकड्यांना पाय रोवून उभ्या असलेल्या दोऱ्यासारख्या काड्या. काडी बोटभर वाढली की डोक्यावर शर्टाच्या बटणाएवढी छत्री उघडते. आणि पायापासून छत्रीपर्यंतचा तो अख्खा जीव म्हणजे एक पेशी. फक्त एक!

बावीस वर्षांपूर्वी छत्रीबाई या खोलीत पहिल्यांदा आल्या, तेव्हा विभागप्रमुख होत्या मोठ्या बाई. त्यांनीच शेवाळ जोपासायला नेमलेल्या या नव्या संवर्धन सहायिकेला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"आत भिंत नाही, दार नाही, जिना नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "केंद्रक बसलंय तळाशी, पायात. हुकूम तिथून सुटतात. आणि छत्री उघडायची वर, टोकाला. मग सामान वर जाणार कसं?"

"कसं?"

"मला काय विचारतेस? बघ की."

छत्रीबाईंनी डोळा लावला. काडीच्या आत हिरवे दाणे चालले होते, एकामागे एक, रांगेने. एक रांग वर, तिच्या अगदी शेजारून दुसरी खाली. मध्ये कठडा नाही, दोरी नाही, तरी कोणी कोणाच्या पायावर पाय देत नव्हतं.

"कोण ढकलतं हो यांना?"

"आत बारीक तंतू ताणलेले असतात. त्यांच्या आधाराने सामान सरकतं. हे दाणे म्हणजे डोळ्याला दिसणारं सामान. न दिसणारं याहून कितीतरी जास्त."

"आमच्या घरी ओट्यापाशी दोन बायका उभ्या राहिल्या तर भांडी पडतात," छत्रीबाई डोळा न काढता म्हणाल्या. "आणि इथे बघा!"

घरातली ती दुसरी बाई म्हणजे त्यांची थोरली नणंद. लग्न न केलेली, ताठ मानेची, मोत्यासारख्या अक्षराची. ती याच विभागात मुख्य लिपिक होती. व्हरांड्याच्या एका टोकाला नणंदेचं टेबल, दुसऱ्या टोकाला भावजयीची काळी खोली. घरीही दोघींच्या खोल्यांत एकच भिंत. सहा वर्षांपूर्वी छत्रीबाईंचा नवरा गेला आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. कामाचं काही असलं की विभागाचा म्हातारा शिपाई मध्ये पळायचा. "तिला सांगा, रजेचा अर्ज चुकलाय." "त्यांना सांगा, चष्मा बदला." शिपाई म्हणायचा, माझे गुडघे या दोघींनी खाल्ले.

आता या शेवाळाची एक सवय सांगायला हवी. उजेड असला की त्याचे हिरवे दाणे काडीत वर चढतात. अंधार झाला की खाली उतरतात आणि पायाशी गोळा होऊन बसतात. रात्री पाहिलं तर वरची काडी काचेसारखी रिकामी, फिकट. पण वर्ग भरतात दिवसा. विद्यार्थ्यांनी ही चढण बघायची कधी? मोठ्या बाईंनी यावर तोड काढली होती. खोलीतले दिवे दुपारी दोनला लागतील आणि बारा तासांनी विझतील, असं घड्याळ भिंतीवर बसवून घेतलं. आपली सकाळ ती शेवाळाची मध्यरात्र, आपली दुपार ती त्याची पहाट. दोनला प्रात्यक्षिक सुरू व्हायचं आणि चारपर्यंत पोरं आपल्या डोळ्यांनी हिरवं वर चढताना बघायची.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या, पोरांचा अभ्यासक्रम बदलला, प्रात्यक्षिक बंद पडलं. घड्याळ चालूच राहिलं. ते कशासाठी, हे फक्त छत्रीबाईंना ठाऊक होतं, आणि कोणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही हा त्यांचा स्वभाव. विचारलंच तर ऐकणाऱ्याची लायकी बघून सांगायचं.

जूनमध्ये नवे सर आले. चाळिशीचे, चकचकीत बुटांचे. त्यांना एक बैठकीची खोली हवी होती आणि त्यांची नजर काळ्या खोलीवर पडली. ज्या दिवशी दुपारी चार वाजता बाहेरची समिती विभाग बघायला येणार होती, त्याच दिवशी सकाळी अकराला ते मोबाइलचा दिवा पेटवून दार ढकलून आत शिरले. मागोमाग नणंद, हातात वही.

"दार लावा!" छत्रीबाई अंधारातून ओरडल्या. "उजेड येतोय!"

"उजेडच हवाय मला," नवे सर म्हणाले. त्यांनी दिव्याचा झोत एका बाटलीवर मारला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सगळीकडे तेच, फिकट काचेच्या काड्या आणि तळाशी शिंपल्यात साचल्यासारखा काळपट हिरवा गाळ. छत्र्याही नव्हत्या, ही सगळी कोवळी पिढी होती. "काय गं हे? मेलेलं शेवाळ किती दिवस जपून ठेवलंयस?"

चोपन्न वर्षांच्या छत्रीबाईंना आख्ख्या इमारतीत कोणी 'गं' म्हणत नव्हतं.

एक वाक्य पुरलं असतं. सर, ही त्यांची रात्र आहे, दोनला या. संपलं असतं. पण त्या 'गं'ने त्यांच्या अंगाचा असा तिळपापड झाला, की ते वाक्य घशातच राहिलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मेलंय की जिवंत आहे हे कळायला डोक्यात काही लागतं. नुसता हातात दिवा असून भागत नाही."

नणंदेची वहीवरची लेखणी थांबली. नव्या सरांचे कान लाल झाले.

"असं?" ते अगदी हळू म्हणाले. "मुख्य लिपिक, लिहा. बाटल्यांतलं संवर्धन मृत. आज दुपारी ब्लीचिंगच्या पाण्यात टाकून नष्ट करणे. खोली चारच्या आत रिकामी. आणि संवर्धनच नसेल तर संवर्धन सहायिकेचं पद कशाला, तेही पुढच्या पत्रात विचारू."

ते गेले तेव्हा दार सताड उघडं होतं.

छत्रीबाईंनी दार लावलं आणि अंधारात स्टुलावर बसल्या. पद गेलं तर काय, याचा विचार नंतर आला. आधी आलं ते हे, की या बाटल्यांतलं सगळं शेवाळ मोठ्या बाईंनी समुद्रावरून आणलेल्या एका मूठभरातून वाढलेलं, एका पिढीतून दुसरी, अशी बावीस वर्षं. ते एकदा ब्लीचिंगमध्ये गेलं की गेलं. मोठ्या बाई आता कोणाला ओळखत नाहीत, आणि तो समुद्रकिनारा भराव घालून बुजवलाय.

साडेबाराला त्या स्वतः वर गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा नव्या सरांच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर, ते मेलेलं नाही. दिवे दोनला लागतात. चारला या, हिरवं झालेलं असेल."

"मेलेलं शेवाळ दोन तासांत जिवंत होणार? पद जायची वेळ आली की चमत्कार सुचतात वाटतं!"

"सर, दाणे खाली बसलेत. वर चढायला वेळ—"

"सकाळी माझ्या डोक्यात काही नव्हतं ना? मग आता कशाला समजावताय? जा."

दोनला खोलीत टक् झालं आणि दिवे लागले. दोन वाजून दहा मिनिटांनी शिपाई ब्लीचिंगच्या दोन बादल्या घेऊन हजर. त्याच्या मागे नवे सर आणि नणंद. नणंदेच्या हातात तिने स्वतः लिहिलेला कागद होता.

छत्रीबाई दारात उभ्या राहिल्या. दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंवर, पाठ बाटल्यांकडे.

"बाजूला करा यांना," नवे सर शिपायाला म्हणाले.

"बाईमाणसाला हात कसा लावू साहेब? आणि त्यातून या. मला पेन्शन घ्यायचीय अजून."

नव्या सरांनी घड्याळ पाहिलं. "मुख्य लिपिक, आधी यांची कागदावर सही घ्या. सहीशिवाय नष्ट करता येत नाही. सही झाली की ओता. मी फायली लावून येतो. आणि सही घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही!"

बूट वाजवत ते वर गेले. शिपायाने कोपऱ्यातली एक रिकामी बादली पालथी घालून त्यावर बैठक मारली. व्हरांड्यात दोघी समोरासमोर उरल्या.

"तिला सांगा," नणंद शिपायाला म्हणाली, "खाली उजव्या कोपऱ्यात सही करायची."

छत्रीबाईंनी मनाशी हिशेब केला. चढायला दोन तास लागतात. सही नाही तर बादली नाही. पण नुसतं नाही म्हटलं तर ही पाच मिनिटांत सरांना खाली घेऊन येईल. हिला इथे अडकवायचं, तर एकच उपाय होता आणि त्या उपायात छत्रीबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "अक्षर आहे की कोंबडी नाचलीय?"

नणंदेचा चेहरा बदलला. तीस वर्षं ज्या अक्षराचे दाखले दिले जात होते ते अक्षर! सहा वर्षांत पहिल्यांदा ती सरळ भावजयीकडे बघून बोलली.

"काय म्हणालीस?"

"कोंबडी. म्हणजे, चांगली धष्टपुष्ट कोंबडी."

"तुला नाचायला शिकवलं नाही म्हणून आमच्या घरात आलीस, नाहीतर या तोंडाने तमाशातच गेली असतीस!"

"तुमच्या घरात? वन्सं, ते घर माझ्या नवऱ्याचं होतं."

"माझ्या भावाचं होतं ते आधी!"

"झालं सुरू," शिपाई बादलीवरून म्हणाला. "निदान आता माझे गुडघे तरी सुटले."

"तुम्ही गप्प बसा!" दोघी एकदम म्हणाल्या.

मग भांडण लागलं. साधं नाही. पाण्याच्या नळावरून निघालं, सासूबाईंच्या आजारपणात रात्री कोण जागलं तिथे गेलं, तिथून शिलाई मशीन, तिथून भिंतीतला खिळा आणि खिळ्यामुळे पडलेला पोपडा. अर्धा तास झाला. वरच्या मजल्यावरची दोन-तीन डोकी कठड्यावरून खाली वाकली आणि कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. छत्रीबाई एकेक मुद्दा जपून काढत होत्या, जास्त तापवायचं नाही, विझू द्यायचं नाही. नणंद पाय आपटत निघायला लागली की एक टोमणा मारून परत आणायचं. साडेतीनपर्यंत घसा कोरडा पडला, पण त्या मनात खूश होत्या.

आणि मग नणंद म्हणाली, "तुझ्यासारख्या बाईशी मी बोलतेच कशाला? माझा भाऊ दवाखान्यात मरत होता, तेव्हा तू इथे या बाटल्यांचं पाणी बदलत होतीस."

छत्रीबाईंच्या हातातून भांडणाची दोरी निसटली. पुढचं काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

"त्यांनी पाठवलं मला," त्या म्हणाल्या.

"खोटं."

"शनिवार होता. पाणी बदलायचा दिवस. तुम्ही औषध आणायला खाली गेला होतात. ते म्हणाले, जा, तासाभरात ये, तुझी हिरवी पोरं उपाशी असतील. हसून म्हणाले. म्हणून गेले."

"सहा वर्षं झाली. एकदाही बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत एकदा तरी? स्मशानातून आल्यावर तुम्ही माझ्या तोंडावर दार लावलंत. लोकांना सांगितलंत, हिला नवऱ्यापेक्षा डबक्याचं पडलंय. मी कोणाला काय सांगत फिरू?"

"सांगितलं असतंस तरी मानलं नसतं." नणंदेचा आवाज खाली आला होता, आणि ते तिच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "मी औषध घेऊन वर आले. तो एकटा होता. त्याने मला दोनदा विचारलं, ती कुठे गेली? दोनदा. स्वतः पाठवलं असतं तर विचारलं असतं?"

ही गोष्ट छत्रीबाईंना कोणी सांगितली नव्हती. चौकटीवरचे हात आता वाट अडवण्यासाठी नाही, आधारासाठी तिथे होते.

"बोल ना," नणंद म्हणाली. "आता का तोंड शिवलं? इतका वेळ तर..."

ती थांबली. तिची नजर भावजयीच्या खांद्यावरून आत गेली होती. तिने चष्मा सारखा केला, मान पुढे काढली, परत मागे घेतली.

"ते पांढरं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मघाशी. आणि सकाळीही. काड्या पांढऱ्या होत्या, मी स्वतः वहीत लिहिलंय, रंग फिकट पांढरा." तिचं बोट नकळत वर गेलं. "आता टोकापर्यंत हिरव्या आहेत."

छत्रीबाई वळल्या नाहीत. कानात अजून ते 'दोनदा' होतं.

जिन्यावर बूट वाजले. चारला दहा मिनिटं कमी होती. "झाली सही?" नवे सर लांबूनच म्हणाले. जवळ आले, आत पाहिलं आणि जागच्या जागी खिळले. मग सावरले. "वा! बाटल्या बदलल्या वाटतं? कुठून आणल्या?"

"कोणी बदलल्या?" छत्रीबाईंचा आवाज चिरका आला.

"तुम्ही. मी वर गेल्याबरोबर. मला काय दूधखुळा समजता? मुख्य लिपिक, द्या तो कागद, 'सहायिकेचा नकार' असं लिहून सही मी करतो."

नणंदेने कागद दिला नाही.

"सर, मी दोन वाजून दहा मिनिटांपासून या दारात उभी आहे. ही बाई जागची हललेली नाही. एक बाटलीही हललेली नाही."

"तुमची भावजय ना ही? मग तुम्ही असंच बोलणार."

नणंद इतकी ताठ झाली, की बुटक्या सरांना मान वर करावी लागली. "हिचं तोंड बघायची मला सहा वर्षं इच्छा झाली नाही, सर. आत्ताही नाही. कोणालाही विचारा."

"खरंय साहेब," शिपाई बादलीवरून उठत म्हणाला. "यांचे निरोप मीच पोचवतो. आणि आजचं भांडण वरच्या मजल्यानेही ऐकलंय, पाहिजे तर बोलवा. मधे श्वास घ्यायलासुद्धा थांबल्या नाहीत, बाटल्या कधी बदलणार?"

कठड्यावरून कोणीतरी फिसकन हसलं. नव्या सरांनी वर पाहिलं तशी डोकी आत गेली.

"कागदावर 'मृत' लिहिलंय," नणंद म्हणाली. "माझ्या हाताने. साक्षीदार म्हणून खाली माझं नाव आहे. जे माझ्या डोळ्यांसमोर वर चढलं त्याला मी मेलेलं म्हणणार नाही. तुम्हाला दुसरा कागद करायचा असेल तर तुमच्या अक्षरात करा आणि समितीपुढे ठेवा."

फाटकापाशी गाडीचा हॉर्न वाजला. नवे सर एकदा बाटल्यांकडे, एकदा बुटांकडे बघत उभे राहिले.

"ठेवा सध्या," ते म्हणाले. "पण ही खोली मी घेणार. पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी. आणि तुम्ही, बाई, सकाळी जे बोललात ते मी विसरलेलो नाही."

"मीही नाही," छत्रीबाई म्हणाल्या.

ते समितीला आणायला फाटकाकडे गेले. नणंदेने कागद मधोमध फाडला, तुकडे वहीत ठेवले. ती जायला वळली आणि दोन पावलांवर थांबली, पाठ तशीच ठेवून.

"त्याने तुला पाठवलं, हे मी मानत नाही," ती म्हणाली. "हे हिरवं झालं ते मानते. ते मी पाहिलं."

"नका मानू."

"नाहीच मानत."

ती व्हरांडाभर ताठ चालत गेली, आपल्या टेबलाशी बसली आणि तिने वही उघडली. छत्रीबाई तशाच दारात उभ्या होत्या. दोनदा विचारलं, ती कुठे गेली. दोनदा.

"बाई," शिपाई म्हणाला, "या बादल्यांचं काय करू?"

"शौचालयात ओता. सहा महिने धुतलं नसेल तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि पाठ फिरवून दोननंतर पहिल्यांदाच बाटल्यांकडे बघायला आत गेल्या.